२५०, ३५०, ४५०: अमेरिकन हेवी ड्युटी पिकअपचे वजनवर्ग आणि ट्रेलरचं गणित

प्रश्न थोडक्यात असा: डॅलसजवळ राहणारं चौघांचं कुटुंब, १४,००० पौंड जीव्हीडब्ल्यूआरचा (म्हणजे भरून कमाल तेवढ्या वजनाचा) फिफ्थ व्हील ट्रेलर, म्हणजे पिकअपच्या हौद्यातल्या जोडणीवर टेकणारा राहण्याचा ट्रेलर, जवळजवळ पसंत झालेला. डीलर म्हणतो, फोर्डची डिझेल एफ-२५० हा ट्रेलर आरामात ओढेल. मग एफ-३५० साठी जास्तीचे पैसे का घालायचे? आणि २५०, ३५०, ४५० यांत खरा फरक तरी काय?

डीलर खोटं बोलत नाहीये. ओढेल. दोन्ही गाड्यांत तेच ६.७ लिटरचं पॉवरस्ट्रोक इंजिन, तोच दहा गिअरचा गिअरबॉक्स. पण ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं. फिफ्थ व्हील ट्रेलर आपल्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा पिकअपच्या हौद्यात, मागच्या ॲक्सलवर टाकतो. वजनवर्ग ठरतो तो पाठीवर काय पेलवतं यावरून, आणि तुमच्या बाबतीत गाडी तिथेच कमी पडणार आहे.

आधी नावांचा घोळ निस्तरू. अर्धा टन (१५००, एफ-१५०), पाऊण टन (२५००, एफ-२५०) आणि एक टन (३५००, एफ-३५०) ही जुनी नावं. कधीकाळी गाडी तेवढा माल वाहायची म्हणून ती पडली. हा टनही अमेरिकन, म्हणजे २,००० पौंड, ९०७ किलोंचा. आज नीट निवडलेली एफ-१५० सुद्धा एक टनाच्या आसपास माल घेते आणि मागे चार चाकांची (ड्युअल) एफ-३५० अडीच टनांच्या वर जाते. तेव्हा टनाच्या नावावरून हिशेब करायला जाऊ नका. ती बोलण्यापुरती ठीक आहेत.

सरकारी वर्ग ठरतात जीव्हीडब्ल्यूआरवरून. गाडीचं स्वतःचं वजन, भरलेली टाकी, माणसं, सामान आणि ट्रेलरचा हिचवर (जोडणीवर) येणारा भार, हे सगळं मिळून गाडी किती वजनाची होऊ शकते याची कंपनीने घातलेली मर्यादा म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर. ६,००० पौंडांपर्यंत पहिला वर्ग. ६,००१ ते १०,००० दुसरा; त्याचे ८,५०० वर दोन तुकडे पडतात, २ए आणि २बी. १०,००१ ते १४,००० तिसरा, १६,००० पर्यंत चौथा, १९,५०० पर्यंत पाचवा. त्यापुढे ट्रक म्हणावेत असे ट्रक सुरू होतात, ते इथे सोडून देऊ. ८,५०० च्या वरच्या पिकअपला शोरूममध्ये सरकारी मायलेजचं स्टिकर नसतं हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ‘मायलेज का लिहिलं नाही’ असं डीलरला विचारून उपयोग नाही, कायद्याने ते लावावंच लागत नाही.

आता गंमत अशी की गाडीच्या मागच्या फळीवर लिहिलेला आकडा आणि वर्ग यांची जोडी पक्की नाही. एफ-२५० बहुतेक वेळा १०,००० पौंडांवर थांबवलेली असते, म्हणजे २बी. पण तीच गाडी ९,९०० च्या जीव्हीडब्ल्यूआरवरही मागवता येते. लोखंड तेच, कागदावरचा आकडा कमी. जादा क्षमतेचं पॅकेज घेतलं तर तीच एफ-२५० दहा हजारांच्या पुढे जाऊन तिसऱ्या वर्गात पोहोचते. जनरल मोटर्सच्या डिझेल २५०० एचडीचा आकडा तर गेली काही वर्षं ११,००० च्या वरच आहे. नाव पाऊण टनाचं, वर्ग तिसरा. रॅम २५०० डिझेल मात्र बरीच वर्षं १०,००० वर अडलेली. म्हणून ‘पाऊण टनाची घेऊ की एक टनाची’ हा प्रश्नच अपुरा आहे. दरवाजा उघडा, चौकटीवरचं स्टिकर वाचा आणि त्यावरच्या जीव्हीडब्ल्यूआरवर बोला.

कोणी मुद्दाम ९,९०० किंवा १०,००० चा आकडा का मागेल? कारण धंद्यासाठी आंतरराज्य वाहतूक करताना गाडीचा, किंवा गाडी आणि ट्रेलर मिळून, आकडा १०,००१ झाला की संघराज्याचे व्यावसायिक वाहनांचे नियम लागू होतात. मग यूएसडॉट (अमेरिकी परिवहन खात्याचा) क्रमांक, चालकाचं वैद्यकीय प्रमाणपत्र, नोंदी ठेवणं हे सगळं आलं. बागकाम किंवा बांधकामवाल्याची पिकअप दिवसभर ट्रेलरशिवाय फिरत असेल तर त्याला या कटकटीतून सुटायचं असतं. कंपन्या ही सोय करून देतात. तुम्ही घरच्या सहलींसाठी घेताय, तुम्हाला या सवलतीचा काडीचा फायदा नाही. उलट पेलोड, म्हणजे पाठीवर घ्यायची क्षमता, फुकट जातो. स्टॉकमधली गाडी घेताना हे आवर्जून तपासा, कारण ९,९०० वाली गाडी बाहेरून ओळखू येत नाही.

दरवाजातल्या स्टिकरांबद्दल आणखी एक. १०,००० पौंडांपर्यंतच्या गाडीला टायर आणि भाराचं एक वेगळं पांढरं-पिवळं स्टिकर लावणं सक्तीचं आहे. त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते किलो आणि पौंडांत थेट छापलेलं असतं, आणि ते त्याच गाडीचं, तिच्या सनरूफसकट आणि चामड्याच्या सीटांसकट असतं. दहा हजारांच्या वरच्या गाडीला हे सक्तीचं नाही. त्यामुळे एफ-३५० वर बऱ्याचदा फक्त जीव्हीडब्ल्यूआर आणि दोन्ही ॲक्सलचे आकडे मिळतात, पेलोड मिळत नाही. तो काढायचा तर गाडी टाकी भरून काट्यावर न्यायची आणि जीव्हीडब्ल्यूआरमधून वजा करायची. माहितीपत्रकातला ‘कमाल पेलोड’ हा एकच केबिन, टू-व्हील ड्राइव्ह, पेट्रोल इंजिन अशा गाडीचा असतो. तुम्ही घेणार ती क्रू कॅब (चार दारांची केबिन), फोर बाय फोर, डिझेल. ती तो आकडा कधीच गाठत नाही.

तुमचं गणित मांडू. १४,००० चा ट्रेलर प्रवासाला निघताना पाणी, भांडी, खुर्च्या, कपडे धरून १३,५०० च्या आसपास भरतो. रिकाम्या वजनावर हिशेब करू नका, रिकामा ट्रेलर घेऊन कोणी सहलीला जात नाही. फिफ्थ व्हीलचा पिनवरचा, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या जोडखिळीवरून गाडीवर येणारा, भार १५ ते २५ टक्क्यांत असतो. सुरक्षित अंदाजाला २१ टक्के धरले तर २,८३५ पौंड. हौद्यातला हिच २००. चौघं माणसं मिळून ५२० धरू. हत्यारं, चाकांखाली लावायचे चॉक, गाडीतला बारीकसारीक पसारा १३०. एकूण ३,६८५ पौंड.

डिझेल, क्रू कॅब, फोर बाय फोर एफ-२५० चा जीव्हीडब्ल्यूआर १०,००० असेल तर स्टिकरवर २,१०० ते २,४०० असा आकडा सर्रास दिसतो. लॅरिएट, किंग रँच, प्लॅटिनम अशा महागड्या प्रकारांकडे वर चढत गेलात की तो आणखी घसरतो. म्हणजे गाडी साधारण तेराशे ते सोळाशे पौंडांनी, किंवा त्याहून जास्तच, ओव्हरलोड. इथे डिझेलची एक उलटी बाजू लक्षात घ्या. हे इंजिन पेट्रोलच्या व्ही-८ पेक्षा कित्येक शे पौंडांनी जड आहे. जीव्हीडब्ल्यूआर दहा हजारांवर बांधलेला असताना इंजिनाचं जास्तीचं वजन सरळ पेलोडमधून जातं. ताकद वाढते आणि पेलण्याची क्षमता कमी होते. रॅम २५०० मध्ये कमिन्सचं डिझेल इंजिन घेणाऱ्यांची सगळ्यात मोठी निराशा हीच.

एफ-३५० सिंगल चाकांची, म्हणजे मागे दोनच चाकांची, घेतली, जीव्हीडब्ल्यूआर १२,००० च्या आसपास आणि गाडीचं वजन ७,९०० धरलं, तर ४,१०० उरतात. तुमचे ३,६८५ बसतात, पण मागच्या ॲक्सलचा आकडाही वेगळा तपासावा लागतो, कारण पिनचा सगळाच भार तिथे येतो. रिकाम्या गाडीचा मागचा ॲक्सल साधारण ३,३०० दाखवतो. त्यात पिन आणि हिच मिळवले की ६,३३५. मागच्या सीटवरची माणसं आणि सामान धरून ६,७०० च्या घरात. आता टायर बघा. एलटी २७५/७० आर १८, लोड रेंज ई, भारांक १२५; ८० पीएसआय हवेला एका टायरला १,६५० किलो, म्हणजे ३,६३८ पौंड. दोन टायर मिळून ७,२७६. जागा आहे, पण ऐसपैस नाही. एका टायरची हवा ६५ वर आली आणि टेक्सासच्या ऑगस्टमध्ये आंतरराज्य महामार्गावर ७५ मैलांनी निघालात, तर ही उरलेली जागा संपलीच.

ड्युअली, म्हणजे मागे चार चाकं. तिचे टायर उलट लहान असतात. एलटी २३५/८० आर १७ चा भारांक १२०/११७. जोडीने लावला की एक टायर १,२८५ किलो, २,८३३ पौंड घेतो. चार मिळून ११,३३२. जीव्हीडब्ल्यूआर १४,०००, गाडी ८,६००, पेलोड ५,४०० च्या आसपास. एक टायर फुटला तरी गाडी रस्ता सोडत नाही, आणि वाऱ्यात किंवा मोठा ट्रक बाजूने गेल्यावर मागचा भाग डुलत नाही, हा तिचा खरा फायदा. त्रासही आहेत. मागची रुंदी आठ फुटांच्या आसपास जाते, त्यामुळे ऑटोमॅटिक कार वॉश, बँकेची ड्राइव्ह-थ्रू आणि जुनं गॅरेज विसरा. काही वसाहतींच्या नियमांत ड्युअल चाकांची गाडी अंगणात लावायला मनाई असते. पैसे भरण्याआधी वाचून घ्या. आतल्या चाकाची हवा तपासायला व्हॉल्व्ह एक्स्टेन्शन लागतं आणि लोक आळस करतात. आतला टायर बसला की बाहेरचा एकटा दोघांचा भार उचलतो, तापतो आणि फुटतो. टायरवर लाथ मारून अंदाज घेणं इथे चालत नाही, गेजच लागतो. टपावरचे पाच पिवळे दिवे काही शोभेचे नाहीत: ८० इंच किंवा अधिक रुंदीच्या गाडीला ते लागतातच.

मग २५० आणि सिंगल चाकांची ३५० यांत लोखंडाचा फरक किती? खरं सांगायचं तर तुम्हाला वाटतो त्याहून कमी. फोर्डमध्ये चेसिस, ब्रेक, इंजिन बहुतांशी तेच. ३५० ला मागच्या पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) गड्डी जड असते, वर ओव्हरलोडचा जादा पाटा येतो, पाट्यांखालचा ठोकळाही बहुतेक वर्षांच्या मॉडेलांत उंच, म्हणून रिकामी गाडी मागून जरा वर दिसते आणि खड्ड्यात जास्त आदळते. रॅममध्ये फरक मोठा आहे: २५०० ला मागे कॉइल स्प्रिंग, ३५०० ला पाटे. कॉइलवरची २५०० रिकामी असताना फार सुखाची चालते, रोज ऑफिसला नेणार असाल तर तिची मजा आहे. पण जड पिनखाली ती बसते.

इथे एक पळवाट सगळे सुचवतात: २५० घ्या आणि मागे एअर बॅग बसवा. एअर बॅगने गाडीची शेपटी वर येते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जाणं थांबतं. बस्स, तेवढंच. जीव्हीडब्ल्यूआर एका पौंडाने वाढत नाही. टायर, ॲक्सल, बेअरिंग आणि ब्रेक यांच्यावरचा भार तोच राहतो. वाईट म्हणजे गाडी सरळ दिसते, त्यामुळे ओव्हरलोड डोळ्यांना कळत नाही. ३५० चे पाटे २५० ला लावले तरी तेच. दरवाजातला आकडा बदलत नाही, आणि अपघातानंतर वकील तोच आकडा वाचतो.

एफ-४५० पिकअपबद्दल मोठा गैरसमज आहे. ती ३५० ड्युअलीपेक्षा जास्त पेलते असं सगळे धरून चालतात. पिकअप रूपात तिचाही जीव्हीडब्ल्यूआर १४,००० च आहे, म्हणजे वर्ग तिसराच. गाडी मात्र जड, त्यामुळे पेलोड ड्युअली एफ-३५० पेक्षा कमी भरतो. तिला मिळतो तो पुढचा रुंद ॲक्सल, ज्यामुळे एवढी लांब गाडी अनपेक्षितपणे छोट्या जागेत वळते, १९.५ इंचांची ट्रकची चाकं आणि ४.३० चा ॲक्सल रेशो, म्हणजे ओढायला जोर देणारं मागच्या ॲक्सलमधल्या गिअरचं प्रमाण. वीस हजारांचा ट्रेलर वर्षातले बरेच महिने ओढणाऱ्याला हे सगळं हवं असतं. तुम्हाला नाही. एफ-४५० चॅसी कॅब ही आणखी वेगळी चीज, तिच्यावर हौदाच नसतो आणि ती वरच्या वर्गात मोडते. रॅम ४५०० आणि ५५०० तर फक्त चॅसी कॅब म्हणूनच मिळतात, अनुक्रमे १६,५०० आणि १९,५०० पौंडांच्या.

भारतातून नवीन आलेल्यांना हे आकडे चक्रावतात. महिंद्राच्या बोलेरो पिकअपच्या १.७ टन मॉडेलचा पेलोड १,७०० किलो, म्हणजे जवळपास ३,७५० पौंड. डिझेल एफ-२५० पेक्षा जास्तच. मग ही अवाढव्य अमेरिकन गाडी करते काय? तिचं वजन आणि ताकद पाठीवरच्या मालासाठी नाहीच मुळी. मागे सहा-सात टन घेऊन महामार्गाच्या वेगाने चढ चढायला आणि विशेषतः उतारावर ते रोखून धरायला आहे. डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक याच कामाचा. डोंगरातला सलग दहा मैलांचा उतार चाकांच्या ब्रेकवर उतरलात तर खाली पोहोचेपर्यंत पेडल मऊ पडलेलं असतं.

आता परवान्याचा मुद्दा. टेक्सासमध्ये ट्रेलर १०,००० पौंडांच्या वरचा असेल आणि गाडी-ट्रेलरच्या जीव्हीडब्ल्यूआरची बेरीज २६,००१ किंवा अधिक झाली, तर घरगुती वापरालाही साधा क्लास सी परवाना पुरत नाही. बिगरव्यावसायिक क्लास ए काढावा लागतो, म्हणजे लेखी आणि प्रत्यक्ष चाचणी. तुमचा ट्रेलर १४,०००. गाडी १२,००० पर्यंत असेल तर बेरीज बरोबर २६,०००, सुटलात. ड्युअली १४,००० ची, बेरीज २८,०००, क्लास ए लागणार. बाराच्या वरच्या पॅकेजची सिंगल चाकांची ३५० घेतलीत तरी तेच. राज्याराज्यात नियम वेगळे आहेत: कॅलिफोर्नियात घरगुती फिफ्थ व्हील १५,००० पौंडांच्या वर गेला की बिगरव्यावसायिक क्लास ए लागतो, १०,००० ते १५,००० ला साध्या परवान्यावर वेगळी नोंद करून घ्यावी लागते. विम्याच्या दाव्याच्या वेळी परवाना चुकीचा निघाला तर काय होतं ते सांगायला नको.

माझा सल्ला सरळ आहे. हाच ट्रेलर हवा असेल तर ड्युअली घ्या आणि क्लास ए ची चाचणी द्या. ती फार अवघड नाही, सराव मात्र त्याच ट्रेलरवर करा. ड्युअली नकोच असेल तर ट्रेलर १२,००० च्या आत शोधा. तो भरून ११,५०० झाला तर पिन २,४१५; हिच, माणसं, सामान धरून एकूण ३,२६५. सिंगल चाकांच्या एफ-३५० ला हे अंगावर येत नाही आणि साधा परवानाही चालतो. आणि २५० च घ्यायची असेल तर फिफ्थ व्हील सोडून मागे गोळ्यावर लागणारा ट्रेलर बघा. दहा हजारांच्या अशा ट्रेलरचा १२ टक्के भार म्हणजे १,२०० पौंड. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (भार पुढच्या चाकांवरही वाटणारा) शंभर, तुमची माणसं-सामान ६५०, एकूण १,९५०. दहा हजारांच्याच फिफ्थ व्हीलखाली हीच २५० ओव्हरलोड होते.

सिंगल चाकांची क्रू कॅब घेताना हौद्याची लांबीही बघा. पावणेसात फुटांच्या हौद्यात साधा हिच बसवला तर काटकोनात वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेत जाऊ शकतो. मग स्लायडर (मागे सरकवता येणारा) हिच लागतो, तो जडही असतो आणि महागही. आठ फुटी हौद्यात हा प्रश्न येत नाही. फोर्डच्या ड्युअलीला तो मिळतोच.

घेतल्यावर पहिल्या महिन्यात एकदा वजनकाट्यावर जा. महामार्गावरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतात: पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर असे तीन वेगळे आकडे मिळतात. टाकी भरून, सगळी माणसं आत बसवून, सहलीचं सामान भरून आधी ट्रेलरसकट वजन करा. मग पार्किंगमध्ये ट्रेलर सोडा आणि गाडी एकटी काट्यावर आणा. लगेचचं दुसरं वजन स्वस्तात होतं. पहिल्या पावतीतले पुढचा आणि मागचा ॲक्सल मिळवा, त्यातून दुसऱ्या पावतीची बेरीज वजा करा. उरतो तो खरा पिनचा भार. तो १५ टक्क्यांच्या खाली आला तर ट्रेलरमधलं सामान पुढे सरकवा, नाहीतर मागचा भाग झुलायला लागेल. जास्त आला तर पुढच्या साठवणकप्प्यात काय काय कोंबलंय ते बघा. जनरेटर आणि जादा बॅटऱ्या बहुतेक तिथेच सापडतात.

ट्रेलरच्या ब्रेकचा गेन, म्हणजे ते किती जोरात लागायचे याचं प्रमाण, मोकळ्या, सपाट जागेत २० ते २५ मैलांच्या वेगाला लावा: कंट्रोलरचा हाताचा लिव्हर पूर्ण दाबायचा, ट्रेलरची चाकं लॉक होऊन घासायला लागली की गेन किंचित खाली आणायचा. ट्रेलर रिकामा असताना लावलेला गेन भरल्यावर पुरत नाही. प्रत्येक सहलीला, सामान भरून झाल्यावर, पुन्हा बघावा लागतो.